विषारी मशरूमची बाजू

३ जून १९८६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ हा खेळ विक्रीला आला. तो नेहमीच्या कॅसेटवर नव्हता. फॅमिली कॉम्प्युटर या यंत्राला जोडायची डिस्क सिस्टीम त्याच वर्षी फेब्रुवारीत निघाली होती, तिच्या पिवळ्या डिस्कवर तो होता. तो कोणासाठी आहे हे वेष्टनावरच छापले होते: ‘फॉर सुपर प्लेयर्स’. खेळ सुरू केला की सगळे ओळखीचे दिसते. तेच आकाश, त्याच विटा, प्रश्नचिन्हाचे तेच चौकोन, चालत येणारे तेच गुम्बा नावाचे शत्रू. पहिल्याच लेव्हलच्या सुरुवातीला चौकोनाला डोक्याने धडक दिली की मशरूम बाहेर पडते आणि घरंगळत पुढे सरकते. आधीचा खेळ खेळलेला माणूस सवयीने त्याच्याकडे धावतो, त्याला शिवतो आणि मरतो. मशरूम विषारी आहे. हा प्रसंग जगभर या खेळाच्या बदनामीचा मुख्य पुरावा ठरला आहे. दुष्ट, अन्यायी, छळवादी अशी विशेषणे त्याला चिकटली ती याच क्षणापासून. माझ्या मते हाच क्षण त्याच्या बाजूचाही सर्वांत भक्कम पुरावा आहे. या खेळाची काठिण्यपातळी निष्काळजीपणातून आलेली नाही. पहिल्या खेळाने हाताला आणि डोळ्याला ज्या सवयी लावल्या, त्यातली एकेक सवय बाहेर काढून तपासणे हेच या खेळाचे काम आहे, आणि त्याचे मूल्यमापन पहिल्या खेळापासून तोडून केले तर ते चुकणारच.

म्हणून आधी पहिल्या खेळाकडे पाहायला हवे. सप्टेंबर १९८५ मध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचला. तो संपूर्ण खेळ चाळीस किलोबाइटांत मावतो. एवढ्या जागेत सूचनांचे पडदे, सराव, समजावून सांगणारी पात्रे यांना वाव नव्हता, त्यामुळे शिकवण्याचे काम जमिनीच्या आणि अडथळ्यांच्या मांडणीवर सोपवावे लागले. पहिल्या लेव्हलचा आरंभ त्यासाठी प्रसिद्ध आहे. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचे उजवीकडे. समोरून एक गुम्बा येतो. उडी मारायला शिकला नाहीत तर मराल, पण मेलात तरी फक्त काही पावले मागे जाल. मग चौकोनातून मशरूम निघते, पुढच्या पाइपाला आपटते आणि उलट फिरून मारिओकडेच येते. वर विटांची रांग असल्यामुळे त्याला चुकवणे अवघड होते. पाहिलेल्या गुम्बाच्या आठवणीने घाबरलेल्या नव्या खेळाडूलाही ते लागतेच, मारिओ मोठा होतो, आणि मशरूम म्हणजे चांगली वस्तू हा धडा कायमचा बसतो. ही मांडणी जाणूनबुजून केल्याचे मियामोतो यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. उडीचेही असेच. बटन किती वेळ दाबून धरले त्यावर उंची ठरते, धावत मारलेली उडी उभ्याने मारलेल्या उडीहून उंच जाते, हवेतही दिशा थोडीफार बदलता येते, जमिनीवर थांबताना पाय किंचित घसरतो. यातले काहीही खेळ शब्दांत सांगत नाही. पडदा सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलतो आणि प्रत्येक वेळी यंत्र बटनांची दखल घेते, त्यामुळे बोट आणि मारिओ यांच्यात अंतर असे जाणवतच नाही. दोन-चार दिवसांत माणूस विचार करणे सोडून देतो आणि हात आपले आपण खेळू लागतात.

हात आपले आपण खेळू लागले की त्यांत गृहीतके साठतात. मशरूम चांगले. पाइपाला खेटून उभे राहिले की आतले मांसाहारी रोप वर येत नाही. ‘वार्प झोन’ म्हणजे बक्षीस, कारण पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये छतावरून धावत गेले की थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या वर्ल्डला पोहोचवणारे पाइप सापडतात. शत्रू म्हणजे टाळायची किंवा चिरडायची गोष्ट. रिकामी दिसणारी हवा निर्धोक असते. मारिओ जिथे असतो तिथे दिसतो. ऑक्टोपससारखे ब्लूपर पाण्यातच असतात. ही गृहीतके बहुतांशी कोणी नियम म्हणून सांगितलेली नसतात. ती अनुभवाने बनलेली आहेत, आणि अनुभवाने बनलेले गृहीतक नियमाहून जास्त घट्ट असते, कारण ते आपल्या मनात आहे हेच आपल्याला माहीत नसते.

दुसरा खेळ या यादीतल्या एकेका गोष्टीला हात घालतो. मशरूमचे आपण पाहिले. लाल रंगाची रोपे आली, ती मारिओ पाइपाला खेटून उभा असला तरी वर येतात, आणि काही ठिकाणी पाइप छतातून उलटे लोंबतात व रोप खाली झेपावते. तिसऱ्या वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलमध्ये शोधून काढावा असा वार्प झोन आहे, आणि त्यातला पाइप खेळाडूला पहिल्या वर्ल्डमध्ये परत नेऊन टाकतो. ज्या खेळात पडदा कधीच डावीकडे सरकत नाही, पडद्याआड गेलेल्या भागात परत जाता येत नाही, तिथे मागे जाण्याचा हा एक मार्ग शोधकपणाची किंमत म्हणून ठेवलेला आहे. ब्लूपर हवेत पोहत येतात. उडी मारावी तर डोके अदृश्य चौकोनावर आदळते आणि मारिओ खड्ड्यात पडतो. दुसरीकडे तसलाच अदृश्य चौकोन सापडला तरच पुढची उंच भिंत चढता येते. हिरवी स्प्रिंग मारिओला इतक्या वर फेकते की तो पडद्याबाहेर जातो आणि खाली कुठे उतरेल याचा हिशेब मनात ठेवावा लागतो. काही लेव्हल्समध्ये वारा सुटतो आणि उडीची सगळी सवयीची मापे बदलतात.

या सगळ्यांत मला सर्वांत सुंदर वाटते ती पंख असलेल्या कासवांची योजना. पहिल्या खेळात उडते कासव म्हणजे वेळ साधून टाळायचा त्रास. दुसऱ्यात असे खड्डे आहेत की ज्यांची रुंदी मारिओच्या सर्वांत लांब उडीहून जास्त आहे. काठावर उभे राहून कितीही प्रयत्न केला तरी ते ओलांडता येत नाहीत. मग लक्षात येते की वरखाली होणारे ते कासव हीच पायरी आहे: त्याच्या पाठीवर पाय द्यायचा, उसळायचे आणि पलीकडे जायचे. शत्रूवर पाय दिला की मारिओ उसळतो हे पहिल्या दिवसापासून माहीत असते, पण ती उसळी चिरडण्याचा आनुषंगिक परिणाम म्हणून पाहिलेली असते. इथे तिला केंद्रस्थान मिळते. नवीन बटन नाही, नवीन शक्ती नाही, हाताला माहीत असलेल्या गोष्टीचा अर्थ तेवढा बदलला. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला नदीत उतरवावे तसे हे आहे. हातपाय मारणे तेच, पण आता पाण्याला ओढ आहे.

निवडीचा मुद्दाही याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. पहिल्या खेळात लुइजी म्हणजे रंग बदललेला मारिओ, दुसऱ्या खेळाडूसाठीचा. दुसऱ्या भागात दोघांनी आळीपाळीने खेळायची सोयच काढून टाकली आणि सुरुवातीलाच मारिओ की लुइजी हे विचारले. लुइजी मारिओपेक्षा उंच उडतो, पण थांबताना जास्त घसरतो. या दोन भावांना वेगळे गुणधर्म मिळाले ते इथेच पहिल्यांदा, आणि पुढच्या कितीतरी खेळांत लुइजीची हीच ओळख टिकली. ज्याला फक्त छळायचे आहे असा रचनाकार खेळाडूला अशी निवड देणार नाही. लुइजी घेतला की उंच भिंती सोप्या होतात आणि एका चौकोनावर अचूक थांबणे कठीण होते. म्हणजे कोणत्या प्रकारची अडचण पत्करायची ते खेळाडूने ठरवायचे. तेझुका यांच्या दिग्दर्शनाखाली घेतलेला हा निर्णय मला या खेळाच्या हेतूविषयी वेष्टनावरच्या छापील ओळीपेक्षा जास्त सांगतो.

आता तो काळ आणि ते लोक. १९८६ मध्ये जपानी मुलांना पहिला मारिओ तोंडपाठ झाला होता. त्या वर्षी तिथल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत या खेळाची मार्गदर्शिका होती. लपलेले चौकोन, वार्प, लाइफ वाढवण्याच्या युक्त्या शाळाशाळांतून फिरत होत्या. पुढे ‘फामित्सु’ म्हणून नावाजलेले नियतकालिक ‘फॅमिकॉम त्सुशिन’ याच जूनमध्ये सुरू झाले. अशा समाजात अदृश्य चौकोन ठेवणे म्हणजे एकट्या माणसाला अंधारात सोडणे नव्हे. एकाने मरून शोधायचे, दुसऱ्या दिवशी चौघांना सांगायचे, असा तो व्यवहार होता. डिस्कच्या अर्थकारणानेही यात भर घातली. कॅसेट महाग असे; डिस्क मात्र दुकानातल्या यंत्रावर नेऊन ५०० येनमध्ये पुसून तिच्यावर दुसरा खेळ भरून घेता येई. नवा ग्राहक पटवण्यासाठी मोठी किंमत घेऊन विकायची ही वस्तू नव्हती. ज्याच्याकडे पहिला खेळ आहे, ज्याने तो संपवला आहे आणि ज्याला आणखी हवे आहे, त्याला थोड्या पैशांत दिलेली ती पुढची पायरी होती.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. तेच चित्र, तेच संगीत, तोच सांगाडा, वर्षाच्या आत काढलेला दुसरा भाग. मग काठिण्य हे कष्ट वाचवण्याचे साधन नव्हते कशावरून? थोडा मजकूर जास्त काळ पुरावा म्हणून तो अवघड करायचा, ही त्या काळातली सर्रास चालणारी युक्ती होती. याच्या पुष्ट्यर्थ आणखी एक पुरावा देता येतो: या खेळातल्या काही लेव्हल्स ‘व्हीएस. सुपर मारिओ ब्रदर्स’ या नाणे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रासाठी केलेल्या होत्या, आणि तिथल्या काठिण्याचा उद्देश उघड होता. खेळाडू लवकर मेला की पुढचे नाणे पडते. त्याच सुमारास, १९८५ मध्ये, कॅपकॉमचा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ आर्केडमध्ये आला होता. त्यात आर्थर हा योद्धा दोन फटक्यांत संपतो, एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही, आणि सगळे पार करून शेवटाला पोहोचले की तो शेवट फसवा निघतो व पूर्ण खेळ पुन्हा खेळावा लागतो. या घराण्याशी मारिओच्या दुसऱ्या भागाचे नाते आहे हे नाकारण्याचे कारण नाही. पण नाण्याची खाच काढून घेतल्यावर त्याच लेव्हलचे काय होते ते पाहिले पाहिजे. घरच्या डिस्कवर मरण्यातून कंपनीला एक येनही मिळत नव्हता. उलट सगळ्या लाइफ संपल्या तर त्याच वर्ल्डच्या सुरुवातीपासून पुन्हा खेळण्याचा पर्याय या खेळात पडद्यावर स्पष्ट दिलेला आहे. पहिल्या खेळात ही सोय बटनांच्या एका गुप्त जोडणीमागे दडलेली होती. काठिण्य वाढवताना परत उभे राहण्याची वाट मात्र रुंद केली, हा तपशील पैशांच्या किंवा वेळकाढूपणाच्या तर्काने समजावता येत नाही.

खेळ ताणला आहे अशी जागा मात्र एक आहे, आणि तिथे आक्षेप मान्य करायला हवा. ‘ए’पासून ‘डी’पर्यंतची चार जादा वर्ल्ड्स उघडण्यासाठी मूळ डिस्कवर खेळ आठ वेळा पूर्ण करावा लागतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळेनंतर त्या फेऱ्यांतून काही नवे शिकायला मिळत नाही. तिथे रचनाकारांनी चिकाटीलाच कौशल्य मानले आहे. याच्या शेजारी नवव्या वर्ल्डची अट ठेवून पाहावी: वार्प न वापरता खेळ पूर्ण केला तरच ते खुले होते. ती अट खेळाडूने रस्ता कसा काढला याला प्रतिसाद देते, आठ फेऱ्यांची अट फक्त मोजदाद करते. एकाच खेळात चांगली आणि वाईट अट इतक्या जवळजवळ सापडणे दुर्मीळ, आणि काठिण्याचा अभ्यास करणाऱ्यासाठी फार उपयोगी.

दुसरा आक्षेप खुद्द निन्टेन्डोच्या घरातूनच आला. कंपनीच्या अमेरिकन शाखेत हॉवर्ड फिलिप्स हे नवे खेळ तपासून मत देत. त्यांना हा खेळ तापदायक आणि अन्यायी वाटला, त्यात आनंद वाटला नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा कोसळलेला होता, आणि ग्राहकांचा विश्वास नव्याने मिळवण्याच्या काळात असा खेळ मारिओच्या नावाने विकणे धोक्याचे होते. म्हणून अमेरिकेला १९८८ मध्ये जो ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ मिळाला तो मुळात वेगळाच होता: १९८७ मध्ये जपानमध्ये निघालेल्या ‘यूमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’ या खेळातली पात्रे बदलून तो तयार केला होता. खरा दुसरा भाग जपानबाहेर पोहोचला १९९३ मध्ये, ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या संग्रहातून, ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने. फिलिप्स यांचा निर्णय व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचा होता यात मला शंका नाही. अमेरिकेत १९८६ साली पहिला मारिओ अजून पसरत होता. सवयी लागल्याच नव्हत्या, मग त्या तपासणार कशा? परंतु त्या निर्णयातून जो निष्कर्ष पुढे रुजला, की हा खेळ मुळातच सदोष आहे, तो वेगळा आणि चुकीचा आहे. अमेरिकेतल्या त्या वेळच्या ग्राहकाला तो योग्य नव्हता एवढेच त्यातून सिद्ध होते.

अन्यायाचा प्रश्न तरीही उरतो, आणि तो नीट सोडवण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक अन्याय असा की जो पहिल्या वेळी टाळता येत नाही, पण एकदा घडला की कायमचा कळतो. विषारी मशरूम याच वर्गातले. ते आकाराने नेहमीच्या मशरूमसारखे असले तरी रंगाने वेगळे आहे; एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी थांबून पाहतो, आणि थांबून पाहणे हेच तर त्याला शिकवायचे होते. ही फसगत खेळाच्या पहिल्या मिनिटात ठेवली आहे, म्हणजे किंमत कमीत कमी आणि सूचना सर्वांत ठळक. इथले काहीही सवयीने घेऊ नका, हे सांगण्याची याहून प्रामाणिक पद्धत मला सुचत नाही. दुसरा अन्याय असा की जो कळूनही हाताला काही देत नाही. काही किल्ल्यांतल्या भूलभुलैया या वर्गात मोडतात. योग्य वाटेने गेले नाही तर तोच भाग पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि योग्य वाट कोणती याचा कसलाही अंदाज जमिनीवरून येत नाही. पहिल्या खेळातही चौथ्या आणि सातव्या वर्ल्डच्या किल्ल्यांत हा दोष होता. दुसऱ्याने तो सुधारण्याऐवजी वाढवला. वर पडद्याबाहेर फेकणाऱ्या स्प्रिंगबद्दल माझे मत या दोन टोकांच्या मधले आहे. जिथे उतरायची जागा रुंद आहे तिथे तो मनातल्या मनात काळ मोजण्याचा विलक्षण अनुभव आहे. जिथे अरुंद जागा आणि वारा एकत्र येतात तिथे मात्र नशिबाचा भाग फार वाढतो. खेळाची बाजू घ्यायची म्हणजे त्याच्या प्रत्येक खड्ड्याची बाजू घ्यायची असे नाही.

पुढच्या आवृत्त्या या वादात आपोआप झालेल्या प्रयोगांसारख्या उपयोगी पडतात. १९९३ च्या संग्रहात चित्रे नवी झाली, विषारी मशरूमवर कवटी आली आणि प्रत्येक लेव्हलनंतर प्रगती साठवता येऊ लागली. साठवण्याच्या सोयीने खेळाचे काहीच बिघडले नाही. अवघड उडी तितकीच अवघड राहिली, फक्त तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधीच्या तीन लेव्हल्स पुन्हा खेळण्याचा शिणवटा गेला. म्हणजे तो शिणवटा खेळाचा गाभा नव्हता. कवटीने मात्र बिघडले. धोक्याची पाटी लावलेल्या मशरूमकडे कोणीच सवयीने धावत नाही. ते आता आणखी एक शत्रू आहे, आणि सवय तपासण्याचे त्याचे काम संपले. १९९९ मध्ये गेम बॉय कलरसाठी आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स’मध्ये यातल्या लेव्हल्स आणखी एका रूपात आल्या. तिथे वारा काढला, लुइजीचा वेगळेपणा काढला, आणि पडदा लहान असल्यामुळे आजूबाजूचे कमी दिसू लागले. नकाशे बहुतांशी तेच, तरी खेळ सपाट झाला. जो म्हणतो की हा भाग म्हणजे पहिल्याचेच अवघड नकाशे, त्याने ही आवृत्ती पाहावी. नुसते नकाशे उरले की काय उरते ते तिथे दिसते.

तिसरा आक्षेप आजचा आहे. त्याचे म्हणणे असे की या रचना जुन्या आहेत, आणि त्यांना थोर म्हणणे हे बालपणाच्या ओढीतून येते. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत अवघड पण न्याय्य खेळ कसा करावा हे जग शिकले. २०१० च्या ‘सुपर मीट बॉय’मध्ये मेल्यावर क्षणात पुन्हा सुरुवात होते, लाइफची मोजदादच नाही. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही काही क्षणांश उडी मारता येते, बटन किंचित आधी दाबले तरी यंत्र ते लक्षात ठेवते, आणि ज्याला हवे त्याला वेग कमी करण्यासारख्या मदती उघडपणे घेता येतात. १९८६ च्या मारिओत यातले काही नाही. कडा संपला की संपला. या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. पण त्या ज्या प्रश्नाला उत्तर देतात तो हातांचा प्रश्न आहे: खेळाडूला जे करायचे होते ते यंत्राने ओळखले का? मारिओच्या दुसऱ्या भागाचा प्रश्न त्याआधीचा आहे: खेळाडूला जे करायचे होते ते त्याने पाहून ठरवले होते का? ‘सेलेस्ट’ आपले नियम स्वतःच शिकवते आणि स्वतःच अवघड करत नेते, एकाच खेळाच्या आत. आधीच्या, लाखो लोकांना पाठ असलेल्या खेळाचे नियम हाताशी घेऊन त्यांच्याशी वाद घालणे हे काम वेगळे आहे. त्याचे वारस पुढे २००७ च्या सुमारास दिसले, हौशी लोकांनी जुन्या मारिओत फेरफार करून बनवलेल्या ‘काइझो’ खेळांत, आणि २०१५ च्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये लोकांनी रचलेल्या असंख्य लेव्हल्समध्ये. उडी जिथे सुरू होईल नेमका तिथेच लपवलेला चौकोन ही तिथली रोजची भाषा आहे, आणि तिचे मूळ १९८६ च्या या पिवळ्या डिस्कवर स्पष्ट दिसते. बालपणाच्या ओढीबद्दल बोलायचे, तर जपानबाहेरच्या बहुसंख्य लोकांच्या बालपणात हा खेळ नव्हताच.

महाराष्ट्रातही नव्हता. नव्वदच्या दशकात इथल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत टीव्हीला जोडायचे जे स्वस्त ‘व्हिडिओ गेम’ मिळत, त्यांतले बरेचसे फॅमिली कॉम्प्युटरच्या रचनेची नक्कल होते, आणि एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेट्समध्ये पहिला ‘मारिओ’ हमखास असे. यंत्र बंद केले की सगळे पुसले जाई, म्हणून दर खेपेला पहिल्या वर्ल्डपासून सुरुवात. त्यामुळे पहिल्या काही लेव्हल्स एका पिढीच्या हातांत इतक्या पक्क्या बसल्या आहेत की आजही बटन हाती आले तर बोटे चुकत नाहीत. या वाचकांना हा दुसरा भाग आज मुद्दाम खेळून पाहावा असे मी सुचवेन, कारण १९८६ च्या जपानी मुलांसारखीच त्यांचीही तयारी आधीच झालेली आहे. ज्या मुलाने मारिओ पहिल्यांदा आजच्या यंत्रावर पाहिला, त्याच्या हाती हा खेळ थेट दिला तर तो त्याला फक्त त्रास देईल. त्याने आधी १९८५ चा खेळ संपवावा, आणि तोही वार्प टाळून, म्हणजे सगळ्या सवयी नीट लागतील.

आता हा खेळ मिळवणे सोपे आहे. २०१९ पासून तो निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावरच्या जुन्या खेळांच्या सेवेत आहे, आणि तिथे वेळ मागे फिरवून चूक पुसण्याची सोयही आहे. तिच्याविषयी शेवटचा वाद आहे. काही जाणकारांना ती फसवणूक वाटते. ऑल-स्टार्सच्या अनुभवावरून माझे म्हणणे असे की लेव्हल संपल्यावर प्रगती साठवायला कसलीही हरकत नाही; ज्याच्याकडे रोज अर्धा तास आहे त्याला तेवढी सवलत मिळायलाच हवी. उडीच्या मध्येच वेळ मागे फिरवण्याचे तसे नाही. अदृश्य चौकोनावर डोके आपटल्यावर तीन सेकंद मागे गेले की चौकोन कुठे आहे ते कळते, पण आपण तिथे न पाहता का उडालो हा प्रश्न मनात यायच्या आतच पुसला जातो, आणि हा खेळ नेमका तो प्रश्न विचारण्यासाठी रचलेला आहे. एक अडचण मात्र खेळाडूच्या हातातली नाही. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटन आणि चित्र यांच्यात विलंब जाणवत नसे. आजचे काही सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून दाखवण्यात अनेक फ्रेम घालवतात, आणि एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. कासवाच्या पाठीवरून उसळण्याच्या जागी तेवढ्याने पाय हुकतो. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो चालू करून मगच पहिल्या प्रश्नचिन्हाखाली उभे राहावे.